डॉ. नानाभाई मूस

पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे. म्हणूनच होकायंत्राची सुई दक्षिणोत्तर राहते. परंतु पृथ्वीचे हे चुंबकत्व किंचित, पण सतत बदलत असते. ते बदल टिपण्याचे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ सालापासून चालू होते.

१८९६ साली नानाभाई मूस हे त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला होता.

लवकरच मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते आणि जवळची चुंबकसूची ढळते, हे ओर्स्टेडने १८२० सालीच दाखविले होते. ट्रामच्या विजेमुळे वेधशाळेतील नाजूक सुया पृथ्वीऐवजी ट्रामचीच वार्ता सांगू लागल्या असत्या आणि साठ वर्षांची परंपरा खंडित झाली असती.

नानाभाईंनी अलिबाग येथे नवी वेधशाळा उभी केली. तिच्या चुंबकगृहास लोखंडाचा खिळाही वर्ज्य होता. पोरबंदरी दगड, तांबे व पितळ यांनीच ते बांधले गेले. १९०४ पासून दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले व जुन्या नोंदींशी नव्या नोंदी जुळवून दिल्या. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागच्या सुया निर्वेधपणे आपले काम करीत होत्या.

१९१० साली त्यांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९३६ साली ते निवर्तले. अलिबागची वेधशाळा मात्र आजही त्यांचे व्रत चालवीत आहे.