डॉ. जॉन्सन आणि त्याचे सोबती

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत डॉ. सॅम्युएल जॉन्सनवर विस्तृत निबंध लिहिला आणि हे नाव मराठी वाचकाच्या घरचे झाले. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचे भाषांतर कृष्णशास्त्र्यांनी सुरू केले होते. तेही विष्णुशास्त्र्यांनीच पुरे केले. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला जॉन्सन भेटतो तो थोर कोशकार म्हणून. मला मात्र येथे त्याच्या चरित्राची दुसरी बाजू सांगावयाची आहे. हा पंडित ज्या व्याधीने जन्मभर गांजला, तिला आम्ही सुलतानपूरकर मंत्रचळ म्हणतो. हात पुन्हा पुन्हा धुणे, कडी लावली की नाही हे दहादा पाहणे, नकोसा विचार मनातून न हलणे. आणि हे सारे व्यर्थ आहे हे कळत असूनही न थांबवता येणे, हे या दुखण्याचे स्वरूप.

जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफील्ड गावी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी झाला. बालपणीच गंडमाळेने त्याची दृष्टी अधू झाली व चेहऱ्यावर व्रण राहिले. १७२८ साली तो ऑक्सफर्डला गेला, पण पैशाअभावी सुमारे तेरा महिन्यांतच त्याला परतावे लागले. त्याच सुमारास त्याच्या मनावर खिन्नतेचा पहिला मोठा घाला पडला. आपल्याला वेड लागणार, ही धास्ती तेव्हापासून त्याच्या मागे लागली. त्याने आपली सारी अवस्था लॅटिनमध्ये लिहून आपल्या धर्मपित्याला, डॉ. स्विनफेनला, दाखविली. डॉक्टरला ते लेखन इतके आवडले की त्याने ते कौतुकाने इतरांनाही वाचावयास दिले. जॉन्सनच्या मनाला ही गोष्ट फार लागली. विश्वासाने सांगितलेले दुःख चारचौघांत गेले की सांगणाऱ्याचे तोंड कायमचे मिटते, हे आपण ध्यानात घ्यावयास हवे.

पुढे त्याने शाळा काढली, पण विद्यार्थी थोडेच आले, आणि जे आले ते त्याच्या अंगविक्षेपांची नक्कल करीत. १७३७ मध्ये तो लंडनला आला. अपार कष्ट करून १७५५ साली त्याने चाळीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. परंतु हाच माणूस रस्त्याने चालताना प्रत्येक खांबाला हात लावी, आणि एखादा चुकला तर मागे फिरून त्याला स्पर्श करून येई. उंबरठा ओलांडताना विशिष्ट पाऊलच आधी पडावे म्हणून तो पावले मोजी. त्याच्या घरी मिस विल्यम्स नावाची अंध विदुषी राहत असे. तिला घेऊन कोणाकडे गेला, तरी दारातल्या पायऱ्यांवर तिचा हात सोडून तो आपले विधी आधी पुरे करी. त्याच्या अंगविक्षेपांना आजचे काही डॉक्टर टूरेट विकार म्हणतात आणि या विधींना मंत्रचळ. मृत माणसाचे निदान हा अखेर तर्कच. पण समकालीनांनी लिहून ठेवलेला पुरावा भरपूर आहे.

१७५२ मध्ये पत्नी वारली आणि एकांत त्याला असह्य झाला. त्याने घर निराधारांनी भरून टाकले. त्याचा चित्रकार मित्र रेनॉल्ड्स याचे निरीक्षण मोलाचे आहे. जॉन्सन गप्पांत रंगला की ते हावभाव थांबत, आणि मन रिकामे झाले की पुन्हा सुरू होत. १७५९ च्या ‘रासेलस’मध्ये जॉन्सनने असाच एक ज्योतिषी रंगविला आहे. ऊन-पाऊस आपल्याच हाती आहे, आपण क्षणभर चुकलो तर जगावर अनर्थ ओढवेल, या भ्रमाने तो विद्वान पछाडलेला असतो. त्याची हकीकत ऐकून रासेलसची बहीण आणि तिची सखी आधी हसतात, पण पुढे कोणीही त्याची चेष्टा करीत नाही. ते त्याला आपल्यात ओढून घेतात आणि हळूहळू त्याचा भ्रम सैल पडतो. हे चित्र काढणाऱ्याला ते दुःख आतून ठाऊक होते, असेच मला वाटते.

१७६६ साली जॉन्सन पुन्हा खचला. हेन्री थ्रेल हा मद्यभट्टीचा मालक आणि त्याची पत्नी हेस्टर यांनी त्याला आपल्या स्ट्रेटमच्या घरी नेले. पुढे सोळा वर्षे ते घर त्याचेही झाले. तेथे त्याच्यासाठी खोली होती, ग्रंथ होते, रसायनाचे प्रयोग होते आणि खेळावयास मुले होती. हेस्टरने मात्र याची किंमत मोजली. तिला बारा मुले झाली, त्यांतली चारच जगली. त्या दुःखातही जॉन्सनला चहा देत, त्याच्याशी बोलत तिला रात्री जागवाव्या लागत. १७८१ मध्ये थ्रेल वारला आणि १७८४ मध्ये हेस्टरच्या पुनर्विवाहावरून दोघांची ताटातूट झाली. त्याच वर्षी १३ डिसेंबरला जॉन्सन निवर्तला. हेस्टरला दोष देणारे पुष्कळ निघाले. पण तिलाही कोणी विसावा द्यावयास हवा होता, असे फार थोड्यांना वाटले.

हे चरित्र मला आपल्या घरांजवळचे वाटते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मन बिघडलेल्या माणसाला घेऊन लोक सैलानीबाबांच्या दर्ग्याला जातात. त्यांच्या श्रद्धेला मी हसणार नाही, कारण त्यामागे घरच्यांची कासाविशी असते. पण जॉन्सनच्या काळी नव्हते ते उपचार आज आहेत. औषधे आहेत, आणि भीतीला थोडे थोडे सामोरे जात विधी टाळण्याचा सराव करून घेणारी पद्धतही आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. घरच्यांनी रागावू नये; तसेच रुग्णासाठी आपणही दहादा कडी पाहू नये, दर वेळी त्याची खात्री पटवीत बसू नये, कारण त्याने चळ वाढतो, असे तज्ज्ञ सांगतात. आणि सेवा करणाऱ्या आई, बहीण, पत्नी यांचा भार बाकीच्यांनी वाटून घ्यावा.

जॉन्सन पुरता बरा झाला नाही. तरीही त्याने कोश रचला, कवींची चरित्रे लिहिली आणि मित्रांना हसविले. हे त्याच्या बुद्धीचे यश खरेच. पण ज्यांनी त्याला दारात खोळंबताना पाहिले, तो विधी संपेपर्यंत न हसता वाट पाहिली आणि मग पानावर बसविले, त्यांचाही त्यात वाटा आहे.