त्रिकोणांनी देश मोजणारे लॅम्बटन

मुलांनो, शाळेच्या संगणकावर तुम्ही माऊस हलवता आणि पडद्यावरचा बाण सरकतो. तो बाण नेमका कोठे आहे, हे वेबपानामागे लिहिलेल्या आज्ञावलीला कसे कळते? प्रत्येक हालचालीबरोबर तिला दोन संख्या मिळतात. पहिली संख्या डाव्या कडेपासूनचे अंतर सांगते, दुसरी वरच्या कडेपासूनचे. गंमत अशी की, पान वर सरकवले तर बाण जागचा न हलताही पानावरची त्याची जागा बदलते. खिडकीच्या कोपऱ्यापासून मोजले तर एक उत्तर, पानाच्या माथ्यापासून मोजले तर दुसरे. म्हणून संख्या हाती आली, की ती कोठून मोजली हे आधी पाहावे लागते.

जमिनीवरही असेच आहे. उर्दू भूगोलात तुम्ही ज्यांना अर्जुलबलद आणि तूलुलबलद म्हणता, त्यांना मराठीत अक्षांश आणि रेखांश म्हणतात. या दोन संख्यांनी गावाची जागा सांगता येते. आपल्या देशात त्या अचूक काढण्याचे प्रचंड काम ज्यांनी सुरू केले, त्या विल्यम लॅम्बटन यांची कबर आपल्यापासून फार दूर नाही. चंद्रपूरहून वर्ध्याकडे जाताना वरोऱ्यानंतर हिंगणघाट लागते, तेथे ती आहे.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका गरीब घरी झाला. गणिताची त्यांना लहानपणापासून आवड होती. सैन्यात भरती होऊन ते अमेरिकेत लढले, तेथे कैद झाले. सूर्याचे वेध घेताना काळी काच न वापरल्यामुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणवर टिपू सुलतानविरुद्ध चालून गेलेल्या फौजेतही ते होते. त्यांनी पुढे जे नकाशे केले, ते कंपनी सरकारच्याच उपयोगाचे होते, हेही आपण विसरू नये.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्यांचे काम सुरू झाले. सुमारे बारा किलोमीटर लांबीची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजायची होती. उन्हात पोलाद वाढते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, शेजारी तापमापक लावून मोजणी झाली. पुढे साखळीचे काम फारसे उरले नाही. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरची एक टेकडी पाहायची, दोन कोन मोजायचे. त्रिकोणाची, म्हणजे तुमच्या मुसल्लसची, एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांतलीच एक बाजू नव्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकले.

कोन मोजण्याच्या यंत्राला थिओडोलाइट म्हणतात. लॅम्बटन यांच्या यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन होते. ते आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले होते. पण यंत्र विज्ञानाच्या कामाचे आहे हे कळल्यावर त्यांनी ते परत पाठवले. १८०८ मध्ये तंजावर येथे मोठ्या मंदिराच्या शिखरावर ते चढवत असताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकडे झाले. वर्तुळच वाकडे, तर कोन खरा कसा येणार? लॅम्बटन तंबूत जाऊन बसले. सुमारे सहा आठवडे थोडे थोडे ओढून, ठोकून त्यांनी ते वर्तुळ पुन्हा गोल केले. याच खात्यात नंतर आर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी यंत्रे दुरुस्त करण्यात मोठे नाव मिळवले.

लॅम्बटन यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट १८१९ मध्ये कृष्णा आणि गोदावरी यांमधील जंगलात मोजणीला गेले. सिरोंचाकडच्या मुलांना गोदावरीकाठचे रान ठाऊक आहे. दाट झाडीतून दूरचे निशाण दिसत नाही, आणि पावसाळ्यात तापाने माणसे लोळतात. एव्हरेस्टही आजारी पडले. म्हाताऱ्या लॅम्बटन यांनी मात्र काम सोडले नाही. ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवण्यासाठी ते निघाले आणि वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्यांनी प्राण सोडला.

या साऱ्या कामात एक उणीव राहिलीच. रेखांशांचा हिशेब मद्रासच्या वेधशाळेपासून धरलेला होता. त्या वेधशाळेचाच रेखांश सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरला गेल्याचे पुढे आढळले. हे घड्याळाचे मिनिट नव्हे, अंशाचा साठावा भाग. आपल्या भागात अडीच मिनिटे म्हणजे चार किलोमीटरांहून अधिक अंतर. त्रिकोण चुकले नव्हते, गावांमधली अंतरे बरोबर होती. सगळी गावे मिळून एकदमच पूर्वेकडे सरकली होती. नंतरच्या नकाशांत ती वजाबाकी करावी लागली.

आता संगणकावर नकाशा उघडा आणि बाण हिंगणघाटावर न्या. आज्ञावली बाणाच्या त्या दोन संख्या घेते आणि त्यांचे अक्षांश-रेखांश करते: सुमारे २० अंश ३३ मिनिटे उत्तर आणि ७८ अंश ५० मिनिटे पूर्व.