एड्सगर डाइकस्ट्रा : लूपचा काउंटर मध्येच बदलला तर काय होतं, हे समजावणारा माणूस

१९५७ साली लग्नाची नोंद करताना एड्सगर डाइकस्ट्रा यांनी आपला व्यवसाय प्रोग्रामर असा सांगितला. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने तो मान्य केला नाही, कारण असा काही व्यवसाय असतो हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

१९३० मध्ये रॉटरडॅमला जन्मलेल्या डाइकस्ट्रांचे वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची त्यांची पद्धत आजही कम्प्युटर सायन्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. ती त्यांना १९५६ मध्ये एका कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत सुचली. पण त्यांचा खरा ध्यास वेगळा होता: प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून तो बरोबर आहे हे कळायला हवं.

१९६० मध्ये त्यांनी याप झोनेवेल्ड यांच्यासोबत अल्गोल ६० या भाषेचा कम्पायलर तयार केला. या भाषेतल्या लूपचा काउंटर साधा व्हेरिएबल होता, त्यामुळे लूपच्या आतूनही तो बदलता यायचा. समजा, १ ते १० मोजायचं आहे आणि आत लिहिलंय की ५ आला की १ वजा करा. ५ चे ४ होतात, फेरी संपताना पुन्हा ५, पुन्हा ४. दहा कधी येतच नाही. उलट आतच १ वाढवला तर पुढची नोंद गुपचूप सुटते. हे जास्त वाईट, कारण प्रोग्राम संपतो, उत्तरही देतो, फक्त ते चुकीचं असतं.

मार्च १९६८ मध्ये त्यांचं गो टू या आज्ञेविरुद्धचं पत्र छापून आलं आणि मोठा वाद पेटला. वाद आठवतो, पण पत्रातला एक मुद्दा मागे पडतो. प्रोग्राम आत्ता कुठवर पोहोचलाय हे सांगायला, लूपची कितवी फेरी सुरू आहे हा आकडा लागतो. तो प्रोग्रामरच्या मर्जीवर चालत नाही, म्हणूनच त्यावर भरवसा ठेवता येतो. आत काउंटर बदलला की तो आणि खरी फेरी यांची फारकत होते. मग वाचणाऱ्याने कशाला धरून चालायचं?

गंमत म्हणजे त्या पत्राला गाजलेलं शीर्षक देणारे संपादक होते निकलाउस विर्थ. विर्थ आणि टोनी होअर यांच्या अल्गोल डब्ल्यू भाषेत लूपच्या आतून काउंटर बदलायला तोपर्यंत बंदीही आली होती.

१९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये त्यांनी मांडलेल्या छोट्या भाषेत तर मोजणीचा लूपच नव्हता, फक्त अटीवर चालणारा होता. प्रत्येक फेरीत काय कायम राहतं आणि काय घटत जातं, हे दाखवायची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

सी भाषा आजही काउंटर आतून बदलू देते. पायथनच्या फॉर लूपमध्ये तो बदलला तरी पुढच्या फेरीत नवी किंमत येते, त्यामुळे सीची सवय असलेले तिथे हमखास गोंधळतात.

१९८४ पासून डाइकस्ट्रा टेक्सासमधल्या ऑस्टिनला शिकवत होते. हा माणूस स्वतः कम्प्युटर क्वचितच वापरायचा. क्रमांक घातलेली तेराशेहून अधिक टिपणं त्यांनी मागे ठेवली, त्यातली बरीचशी फाउंटन पेनने लिहिलेली. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यूनेन इथे त्यांचं निधन झालं.