नायक पाउंडमेकर यांचे अल्पचरित्र

कॅनडा देशातील आदिवासींत जे थोर पुरुष होऊन गेले, त्यांत क्री जमातीचे नायक पाउंडमेकर यांचे स्थान मोठे आहे. त्यांचा जन्म इ. स. १८४२ च्या सुमारास झाला. मातापित्यांचे छत्र लवकरच हरपले. पुढे १८७३ साली ब्लॅकफूट जमातीचे प्रमुख क्रोफूट यांनी त्यांना पुत्र मानले, आणि दोन वैरी जमातींत सख्य झाले.

१८७६ साली सरकारने क्री लोकांशी भूमीचा करार केला. ही भूमी मुळात आमचीच आहे, हे पाउंडमेकर यांनी भरसभेत निर्भयपणे सांगितले. पुढे रानगव्यांचे कळप नाहीसे झाले, शिधा पुरेना, मुलेबाळे उपाशी राहू लागली. १८८५ साली ते आपल्या लोकांसह बॅटलफोर्ड गावी शिधा मागण्यास गेले. भयभीत गावकरी किल्ल्यात दडले व ओस घरांची लूट झाली. ह्या कारणावरून २ मे रोजी तीनशेंहून अधिक शिपायांनी कट नाइफ टेकडीजवळील त्यांच्या तळावर पहाटे हल्ला केला. सैन्यास माघार घ्यावी लागली. क्री योद्धे पाठलागास सिद्ध होते. परंतु पाउंडमेकर यांनी त्यांना आवरले. त्यामुळे कित्येक शिपायांचे प्राण वाचले.

असा पुरुष राजद्रोही ठरला! तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात प्रकृती खालावली. मुदतीपूर्वी सुटका झाली खरी, परंतु ४ जुलै १८८६ रोजी ते निवर्तले. २३ मे २०१९ रोजी पंतप्रधानांनी त्यांच्या लोकांत येऊन त्यांना निर्दोष घोषित केले. कलंक पुसण्यास १३४ वर्षे लागली.

आजही त्या देशात काही गुन्हेगारांस कायद्याने 'धोकादायक' ठरवून अनिश्चित मुदतीसाठी कोंडता येते. लोकसंख्येत आदिवासी शेकडा ५. परंतु हा शिक्का बसलेल्यांत ते सुमारे एक तृतीयांश आहेत. त्यांतील कित्येकांचे गुन्हे घोर आहेत, हे नाकारता येत नाही. तथापि दारिद्र्य, बेकारी, मोडलेले घर ह्या गोष्टी धोका मोजताना माणसाच्या खाती जमा होतात. आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत कोणी नेले, हे मात्र विसरले जाते. ही मोजमापे आदिवासींना यथार्थ लागू पडतात हे तुरुंग खात्याने पडताळून पाहिले नाही, असा ठपका तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठेवला.

आपल्या देशातही १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या होत्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी लोकांच्या मनातील संशय त्याबरोबर गेला नाही. म्हणून बंधुभगिनींनो, कोणाही माणसाची परीक्षा त्याच्या जातीवरून न करता त्याच्या कृतीवरून करावी, हा धडा ह्या चरित्रातून आपण घ्यावा व मुलांनाही द्यावा.