दोन घरांचे आल्फवेन
सॅन दिएगोत बाबा सहा महिने आमच्याकडे, उरलेले सहा साताऱ्यात. दोन्हीकडे पाहुणाच झालोय म्हणतात. परवा त्यांना हानेस आल्फवेन यांच्याबद्दल सांगितलं.

जन्म १९०८ चा, स्वीडनमधल्या नॉरशॉपिंगचा. अणुऊर्जेवरून सरकारशी बिनसलं आणि १९६७ मध्ये, साठीला टेकले असताना, देश सोडून ते इथल्याच विद्यापीठात आले. पुढे वर्षातले काही महिने इथे, काही स्टॉकहोमला.

१९७० चं नोबेल वेगळ्या कामाला. मला भावतं ते त्यांचं एक भाकीत. चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मातून साधा वायू सुसाट निघाला आणि अणूतला इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकी ऊर्जा त्याच्या गतीत आली, की त्याचं झपाट्याने आयनीभवन होतं. १९६१ मध्ये स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत ते दिसलं. अंतराळात मात्र घोळ! १९७९ मध्ये किरुनाहून उडवलेल्या रॉकेटमधून बेरियमचा झोत सोडला, तेव्हा बराच भाग आयन झाला. नंतरच्या बहुतेक प्रयोगांत अगदी जेमतेम. वाद मिटला नाहीच. आल्फवेन १९९५ मध्ये गेले, स्वीडनमध्येच.

बाबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, थंडीत ते कुठे असायचे? म्हटलं, इथे.

यंदा त्यांचं तिकीट ऑक्टोबरचं काढलंय.