शेतात न रमलेला न्यूटन

बल मोजण्याच्या मापाला न्यूटन म्हणतात. हे एका थोर शास्त्रज्ञाचं नाव आहे.

आयझॅक न्यूटन यांचा जन्म इंग्लंडमधील वूल्सथॉर्प या खेड्यात, तिथल्या जुन्या कालगणनेप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. वडील शेतकरी होते, पण ते तीन महिने आधीच वारले होते. आयझॅक तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले. तो आजीजवळ वाढला.

पुढे तो ग्रँथमच्या शाळेत जाऊ लागला. पण आईनं त्याला शाळेतून काढलं आणि शेतीला लावलं. त्याचं तिथं लक्षच लागेना. मेंढ्या नि डुकरं दुसऱ्याच्या रानात शिरली, म्हणून १६५९ साली त्याला दंड झाला. शेवटी मामानं आणि हेडमास्तरांनी आईची समजूत घातली. हेडमास्तर फी माफ करायलाही तयार झाले. आयझॅक पुन्हा शाळेत गेला आणि १६६१ साली केंब्रिजला पोचला. तिथे सुरुवातीला त्याने इतरांची कामे करून शिक्षण घेतले.

१६६५ साली प्लेग आला, कॉलेज बंद झाले. न्यूटन गावी आले. तिथे सफरचंद पडताना पाहून त्यांना प्रश्न पडला, की त्याला ओढणारे बल चंद्रापर्यंत पोचत असेल काय? त्यांनी हिशेब मांडला.

हा हिशेब आपणही वहीत करू. सफरचंद पृथ्वीच्या मध्यापासून जेवढे दूर, त्याच्या सुमारे ६० पट चंद्र दूर. म्हणून तिथे ओढ ६० × ६० म्हणजे ३६०० पट कमी हवी. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४९०० मिलिमीटर पडते. ४९०० ÷ ३६०० = सुमारे १.३६. चंद्रही सरळ न जाता सेकंदाला तेवढेच मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो! म्हणजे दोन्हीकडे बल एकच.

न्यूटन यांचे पहिले उत्तर जवळपास जुळले, पण त्यांनी ते छापले नाही. १६८४ साली हॅली नावाचे शास्त्रज्ञ त्यांना भेटले आणि त्यांनी लिहिण्याचा आग्रह धरला. पृथ्वीचे अधिक अचूक मापही आता मिळाले होते. १६८७ साली हॅलींच्या खर्चाने 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ निघाला.

त्यातील नियमावरून आपण सूत्र लिहितो : बल = वस्तुमान × त्वरण. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारी वाढ. २५ किलोच्या मुलाला पृथ्वी २५ × ९.८ = २४५ न्यूटन बलाने ओढते. हातगाडी ३०० न्यूटनने ढकलली आणि घर्षण २०० न्यूटन असले, तर १०० न्यूटनच उरतात. गाडीचा वेग तेवढ्यावरच वाढतो.

१७२७ साली न्यूटन वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांची समाधी आहे.

मामा आणि हेडमास्तर गप्प बसले असते, तर हा मुलगा मेंढ्याच राखत राहिला असता. पालकहो, कामाच्या दिवसांत मुलांना शाळेतून काढताना एवढं ध्यानात ठेवा.