डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चीनमध्ये शिकवणारे सोलापूरकर

मुलांनो, अक्कलकोटहून सोलापूर काही लांब नाही. तिथं १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले.

१९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चीनने मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात कोटणीस होते. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. मन घराकडं ओढत असणारच, पण जखमींना सोडून ते परतले नाहीत.

पथकातले तिघं पुढे मायदेशी आले. कोटणीस थेट लढाईच्या भागात गेले. कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले. दिवसरात्र ऑपरेशनं करायची आणि वर तिथल्या मुलामुलींना डॉक्टरकी शिकवायची! त्यासाठी ते चिनी भाषा शिकले. शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहायलाही बसले. तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

अतिश्रमानं तब्येत ढासळली, आकडी येऊ लागली. तरी काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. दुसरं पुस्तक अर्धवट राहिलं. पण त्यांनी शिकवलेले विद्यार्थी मागं होते, त्यांनी जखमींची सेवा पुढं चालू ठेवली. शिक्षकाचं काम असंच असतं, मुलांनो.